तेजोमेघ काचेवर उतरले तेव्हा

सप्टेंबरअखेर मृग नक्षत्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतं आणि नीट वर यायला पहाट होते. १८८० सालच्या ३० सप्टेंबरला, न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीकाठी असलेल्या हेस्टिंग्ज गावात हेन्री ड्रेपर नावाच्या डॉक्टरने आपल्या खासगी वेधशाळेतली ११ इंची दुर्बीण त्या मृगाकडे वळवली. व्याधाने मारलेला बाण म्हणून आपण जे एका रेषेतले तीन तारे दाखवतो, त्यांच्या खाली मंद ताऱ्यांची आणखी एक लहानशी ओळ आहे. तिच्यातला मधला ‘तारा’ जरा धुरकट दिसतो. तो तारा नाही, मृगातला मोठा तेजोमेघ आहे. ड्रेपरने दुर्बिणीच्या टोकाला रसायन लावलेली काचेची प्लेट बसवली आणि सुमारे पन्नास मिनिटं तिच्यावर तो उजेड पडू दिला. धुतल्यावर प्लेटवर जे उमटलं, ते तेजोमेघाचं जगातलं पहिलं छायाचित्र.

आजच्या नजरेने ते चित्र अगदीच सुमार आहे. मधला ढगाळ भाग कसाबसा दिसतो आणि ठळक तारे फुगून गोळे झालेले आहेत. पण त्या काळी त्याचं मोल काय होतं हे समजायचं, तर आधीच्या दोनशे वर्षांतली रेखाटनं बघायला हवीत. सतराव्या शतकात हॉयगन्सने या ढगाचं चित्र काढलं. पुढे जॉन हर्शेल, लॉर्ड रॉस, अमेरिकेतला जॉर्ज बाँड असे एकाहून एक नजरबाज निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून, थंडीत बोटं आखडेपर्यंत कागदावर तो ढग उतरवत राहिले. चित्रं सुरेख होती, पण एकाचं दुसऱ्याशी जुळेना. मग तेजोमेघच बदलतो की काय, असा वाद सुरू झाला. बदलत असेल तर त्यातून तारे जन्माला येताना दिसतील, ही आशा त्या वादामागे होती. खरा फरक मात्र डोळ्यांत, हातांत आणि त्या रात्रीच्या हवेत होता. माणसाचा हात मध्ये न येता आकाशाने स्वतःच आपलं चित्र काढावं, ही छायाचित्राकडून पहिली अपेक्षा होती. ती किती भाबडी होती, हे कळायला एक वर्षही लागलं नाही.

पण आधी ड्रेपरबद्दल. तो पेशाने वैद्यकीचा प्राध्यापक. खगोलशास्त्र हा त्याचा छंद, आणि घरातूनच आलेला. वडील जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० साली चंद्राचं डॅगेरोटाइप छायाचित्र घेतलं होतं. विशीत असताना हेन्री आयर्लंडला गेला आणि लॉर्ड रॉसची सहा फूट व्यासाची अजस्र दुर्बीण पाहून आला. परतल्यावर त्याने स्वतःच आरसे घासायला घेतले. पहिला आरसा धातूचा होता. एका हिवाळ्यात पाणी गोठलं आणि तो दुभंगला. जॉन हर्शेलने सुचवलं, की धातू सोड, काच घास आणि तिच्यावर चांदीचा मुलामा दे. हेन्रीने तसं केलं आणि सगळी कृती लिहून काढली. स्मिथ्सोनियन संस्थेने १८६४ मध्ये ती छापली, आणि घरच्या घरी आरसा घासू पाहणाऱ्या हौशी लोकांना त्या पुस्तिकेचा पुढे कित्येक वर्षं आधार झाला.

१८६७ मध्ये त्याने ॲना पामरशी लग्न केलं. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरफटक्यात हे जोडपं २८ इंची आरशासाठी काच निवडायला गेलं, असं सांगतात. ती सधन घरातली होती. तिच्या पैशाने प्रयोगशाळा उभी राहिली हे तर खरंच, पण ओल्या प्लेटांना कोलोडियनचा लेप देण्याचं कामही तीच करायची. ओली प्लेट दहा-पंधरा मिनिटांत वाळू लागे, आणि वाळली की तिची संवेदनशीलता गेली. म्हणून तोवर चंद्र, सूर्य, ठळक तारे एवढ्यांचीच छायाचित्रं निघत होती; तेजोमेघासारख्या मंद वस्तूला तेवढा वेळ पुरणं शक्य नव्हतं. १८७१ मध्ये इंग्लंडातल्या रिचर्ड मॅडॉक्सने, तोही डॉक्टरच, जिलेटिनची कोरडी प्लेट सुचवली. ही प्लेट आधी तयार करून ठेवता येई, तासभर उघडी ठेवता येई, आणि काही वर्षांत तिचा वेग ओल्या प्लेटेच्या कितीतरी पुढे गेला. १८७९ मध्ये ड्रेपर लंडनला विल्यम हगिन्सकडे गेला, तेव्हा हगिन्स तारकांच्या वर्णपटांसाठी याच प्लेटा वापरत होता. ड्रेपर त्या घेऊन घरी परतला. मृगाचं छायाचित्र दुसऱ्या वर्षीचं.

१४ मार्च १८८२ ला त्याने पुन्हा प्लेट लावली, या वेळी तब्बल १३७ मिनिटं. ढगाचे पंख दिसू लागले. त्याच नोव्हेंबरात, रॉकी पर्वतातल्या शिकारीच्या सहलीत थंडी बाधून आजारी पडलेला हेन्री ड्रेपर वयाच्या ४५ व्या वर्षी गेला.

दरम्यान पॅरिसजवळच्या म्यूदाँ वेधशाळेत जूल जान्सेननेही मृगाचा तेजोमेघ टिपला होता. १८८१ मध्येच त्याने एक शंका बोलून दाखवली, जी आजही प्रत्येक तेजोमेघाच्या चित्राला लागू आहे. पाच मिनिटं उघडी ठेवलेली प्लेट एक ढग दाखवते आणि पन्नास मिनिटं ठेवलेली दुसराच. प्लेट किती संवेदनशील, हवा किती स्वच्छ, डेव्हलपरमध्ये ती किती वेळ ठेवली, यावर ढगाची कड कुठे संपते ते ठरतं. मग दोन छायाचित्रांची तुलना करून ढग बदलला असं म्हणायचं कसं? ताऱ्याला कड असते, ढगाला नसते. थोडक्यात, हात कागदावरून निघून डार्करूममध्ये गेला होता, एवढंच.

मला या शंकेचं महत्त्व फार वाटतं. आज कुणी घराच्या गच्चीवरून काढलेलं गुलाबी-निळं तेजोमेघाचं चित्र दाखवलं की समोरचा हमखास विचारतो, ‘हे खरंच असं दिसतं का?’ नाही दिसत. १८८० मध्येही दिसत नव्हतं. तेजोमेघाचं छायाचित्र डोळ्याने पाहिलेल्या गोष्टीची नक्कल कधीच नव्हतं.

हे सर्वांत ठसठशीतपणे दाखवलं ते अँड्र्यू एन्स्ली कॉमनने. हा लंडनच्या पश्चिमेला ईलिंग इथे राहणारा, नळ-सांडपाण्याच्या कामांचा इंजिनियर. धंदा बरा चालत होता आणि मिळालेला पैसा बागेतल्या दुर्बिणींवर जात होता. त्याच्याकडे जॉर्ज कॅल्व्हरने घासलेला ३६ इंची आरसा होता. त्या अवजड दुर्बिणीचा मुख्य आस त्याने पाऱ्यावर अर्धवट तरंगता ठेवला होता, म्हणजे तिचं वजन बेअरिंगवर न येता ती हलकेच फिरावी. इंजिनियरचं डोकं ते.

पृथ्वी फिरते, त्यामुळे दुर्बिणीला तासन्‌तास ताऱ्यामागे जावं लागतं. त्यासाठी वजनावर चालणारं घड्याळ असे. पण दातेरी चाकांत बारीक चुका असतात, वाऱ्याची झुळूक येते, क्षितिजाजवळ हवेतून प्रकाश वाकतो. तारा हळूहळू सरकतो आणि प्लेटवर बिंदूऐवजी रेघ उमटते. पन्नास मणांची दुर्बीण एवढ्याशा चुकीसाठी हलवण्यापेक्षा कॉमनने प्लेटच हलती केली. प्लेटची चौकट दोन दिशांनी सरकेल अशी बसवली, तिला बारीक स्क्रू लावले आणि चौकटीलाच जोडलेल्या भिंगातून कडेचा एक तारा धाग्यांच्या छेदावर धरला. तारा जरा ढळला की स्क्रू जरासा फिरवायचा. काळोखात, शिडीवर उभं राहून, एक डोळा मिटून, तासभर. आज हे काम एक छोटा कॅमेरा आणि लॅपटॉप करतो आणि माणूस आत जाऊन झोपतो. तत्त्व मात्र कॉमनचंच: कडेचा तारा पकड आणि त्याला हलू देऊ नको.

३० जानेवारी १८८३ ला कॉमनने ३६ इंची दुर्बिणीने मृगाचा तेजोमेघ टिपला. त्या प्लेटवर असे तारे होते, जे त्याच दुर्बिणीतून कुणालाच डोळ्याने दिसलेले नव्हते. डोळा एका क्षणात जेवढं घेतो तेवढंच घेतो. जास्त वेळ टक लावली म्हणून जास्त दिसत नाही. प्लेट मात्र प्रकाश साठवत जाते. हे तत्त्व म्हणून माहीत होतं, पण पुराव्यासकट समोर आलं ते इथे. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८८४ मध्ये या सांडपाण्याच्या इंजिनियरला सुवर्णपदक दिलं. पुढच्याच वर्षी त्याने ३६ इंची दुर्बीण हॅलिफॅक्सच्या एडवर्ड क्रॉस्लीला विकून टाकली, कारण त्याला ६० इंची करायची होती. क्रॉस्लीने ती १८९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेला देऊन टाकली आणि तिथे जेम्स कीलरने तिच्यातून तेजोमेघांची जी छायाचित्रं काढली, त्यांनी व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांना मोठ्या आरशांकडे वळवलं. बागेतली दुर्बीण डोंगरावर गेली आणि व्यवसायाची दिशा बदलली.

कॉमनच्याच काळात लिव्हरपूलजवळ मॅगुल इथे एक वेल्श बांधकाम ठेकेदार आयझॅक रॉबर्ट्स रात्री जागवत होता. पन्नाशीच्या सुमारास त्याला आकाशाचं वेड लागलं. १८८५ मध्ये त्याने डब्लिनच्या ग्रबकडून २० इंची परावर्ती दुर्बीण करवून घेतली, खास छायाचित्रांसाठी. प्लेट आरशाच्या नाभीवर थेट बसायची, आणि जोडीला ७ इंची भिंगाची दुसरी दुर्बीण, ज्यातून मार्गदर्शक तारा धरून ठेवायचा. २९ डिसेंबर १८८८ ला त्याने देवयानीच्या तेजोमेघाकडे चार तास प्लेट उघडी ठेवली. डोळ्याला तिथे लांबट, धूसर पुंजका दिसतो. काही निरीक्षकांना त्यात दोन काळे पट्टे दिसले होते, पण ते नेमके काय याचा अर्थ लागत नव्हता. रॉबर्ट्सच्या प्लेटवर ते पट्टे वळत गेले, एकात एक गुंतले आणि सगळी रचना भोवऱ्यासारखी उलगडली.

चित्र अप्रतिम होतं, आणि रॉबर्ट्सने त्याचा अर्थ साफ चुकीचा लावला. त्याला वाटलं, आपण एक सूर्यमाला बनताना पाहतोय: मध्ये घट्ट होत जाणारा सूर्य, भोवती वायूची कडी, आणि शेजारचे दोन लहान पुंजके म्हणजे जन्माला येणारे ग्रह. फिरत्या वायूच्या ढगातून सूर्यमाला बनते ही लाप्लासची कल्पना त्या काळी सर्वमान्यच होती, त्यामुळे बहुतेकांनी माना डोलावल्या. देवयानीचा तो ‘तेजोमेघ’ म्हणजे आपल्यापासून सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर असलेली स्वतंत्र दीर्घिका आहे, हे कळायला १९२३ साल उजाडलं. तेव्हा एडविन हबलला एका प्लेटवर तिच्यातला रूपविकारी तारा सापडला.

रॉबर्ट्स पुढे ससेक्समधल्या क्रोबरो इथे स्थायिक झाला आणि घराला त्याने ‘स्टारफील्ड’ असं नाव दिलं. तिथल्या प्लेटा प्रत्यक्षात बहुतेक त्याचा सहायक विल्यम फ्रँक्स घेत असे. छायाचित्रांच्या पुस्तकांवर नाव रॉबर्ट्सचं. नावांचा असाच घोळ हार्वर्डमध्येही झाला. ड्रेपरच्या पत्नीने नवऱ्याच्या स्मरणार्थ हार्वर्ड वेधशाळेला पैसे आणि दुर्बिणी दिल्या. तिथे प्लेटा तपासण्याचं काम बायका करत, आणि त्यांच्यात विल्यमिना फ्लेमिंग होती, जी मुळात वेधशाळेच्या संचालकांच्या घरी मोलकरीण होती. ६ फेब्रुवारी १८८८ ला घेतलेल्या दीड तासाच्या प्लेटवर, मृगाच्या बाणातल्या एका ताऱ्याखाली तिला एक अर्धवर्तुळाकार काळी खाच दिसली. तोच आजचा सुप्रसिद्ध घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ. ड्रायरने केलेल्या तेजोमेघांच्या यादीत मात्र श्रेय नुसत्या ‘पिकरिंग’ या नावावर गेलं, आणि वाचणाऱ्यांनी ते संचालक एडवर्ड पिकरिंगचं मानलं.

आता पुण्याकडे येऊ, कारण मृगाच्या ढगाने पुण्यालाही या गोष्टीत ओढलं आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी दिलेल्या पाच हजार रुपयांत मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची २० इंची परावर्ती दुर्बीणही ग्रबचीच. हिंदुस्थानात तेव्हा तेवढी मोठी दुसरी नव्हती. वेधशाळा चालवायचे कावसजी दादाभाई नाएगमवाला, भौतिकशास्त्र शिकवणारे पारशी प्राध्यापक.

त्यांच्यासमोर एक जुना तंटा होता. मृगाच्या ढगाचा प्रकाश लोलकातून पाहिला तर त्यात इंद्रधनुष्य दिसत नाही, मोजक्या तेजस्वी रेषा दिसतात. हे हगिन्सने १८६४ मध्ये दुसऱ्या एका तेजोमेघाबाबत दाखवून दिलं होतं. त्यातली सर्वांत ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याही मूलद्रव्याशी नीट जुळत नव्हती. लंडनचे नॉर्मन लॉकियर म्हणत, तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे आहेत आणि ही रेषा त्यांच्या टकरीतून पेटलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. तसं असेल तर रेषा एका बाजूने धूसर, पट्टेदार दिसायला हवी. नाएगमवालांनी पुण्याहून जास्त ताकदीच्या वर्णपटदर्शकाने ती पुन्हा पुन्हा तपासली आणि १८९१ मध्ये लिहिलं, की रेषा दोन्ही बाजूंनी तीक्ष्ण आणि बारीक आहे. गंमत अशी, की वेधशाळा कशी उभारावी याचा सल्ला त्यांनी ज्यांच्याकडून घेतला, त्यांत लॉकियर होते. पुढे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नाएगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून बसले आणि लॉकियर कोकणात विजयदुर्गला. नाएगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर वेधशाळाही निवृत्त करण्यात आली. दुर्बीण कोडाईकनालला गेली, आणि पुण्यात आकाशाचं काम पुन्हा संघटितपणे सुरू व्हायला १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना व्हावी लागली.

त्या हिरव्या रेषेचं कोडं १९२७ मध्ये आयरा बोवेनने सोडवलं. ती ऑक्सिजनचीच आहे, पण दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, आणि पृथ्वीवरच्या कुठल्याही नळीत मिळणार नाही इतक्या विरळ वायूत ती उमटते. तिची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. आजचे हौशी छायाचित्रकार ‘ओ-थ्री फिल्टर’ म्हणतात तो नेमकी हीच रेषा आत सोडतो आणि बाकीचं आकाश बाहेर ठेवतो. मुंबई-पुण्याच्या उजळलेल्या आकाशातून तेजोमेघ टिपता येतात ते याच युक्तीने: शहराचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, ढगाचा उजेड दोन-चार बारीक रेषांत. जून ते सप्टेंबर दुर्बिणीवर प्लास्टिक बांधून ठेवायचं, हा भाग मात्र कुठल्याच फिल्टरने सुटत नाही.

रेषांचा हा हिशोब जुन्या छायाचित्रकारांच्या विरुद्ध जात होता. हायड्रोजनची सर्वांत ठळक रेषा लाल, ६५६.३ नॅनोमीटरची, आणि त्या काळच्या प्लेटा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. ड्रेपरचं भिंगसुद्धा निळ्या-जांभळ्या प्रकाशासाठी सुधारलेलं होतं. म्हणजे १८८० च्या दशकातले सगळे ‘तेजोमेघ’ आज आपण पाहतो त्याच्या निळ्या अर्ध्या भागाची चित्रं आहेत. लाल पकडणाऱ्या प्लेटा आल्या आणि आकाशात नवेच ढग उगवले. १९५९ मध्ये स्ट्युअर्ट शार्पलेसने तशा ३१३ ढगांची यादी केली. हौशी मंडळी अजूनही ती यादी घेऊन एकेका आकड्यावर खूण करत बसतात.

या सगळ्या गर्दीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो एडवर्ड एमर्सन बार्नार्ड. नॅशव्हिलमधला बिनबापाचा, अतिशय गरीब मुलगा. नऊ वर्षांचा असताना एका फोटो स्टुडिओत कामाला लागला. छपरावर एक भलामोठा एन्लार्जर होता, जो सूर्याच्या उजेडावर चाले. सूर्य सरकला की एन्लार्जरही सरकायला हवा, आणि हे काम त्या पोराचं: दिवसभर चाकं फिरवत सूर्याला धरून ठेवायचं. कॉमनने बागेत जे रात्री केलं, ते या मुलाने दिवसा, पोटासाठी केलं. पुढे तो लिक वेधशाळेत गेला आणि १८८९ मध्ये एका स्टुडिओतलं जुनं, माणसांचे फोटो काढायचं सहा इंची भिंग दुर्बिणीला बांधून त्याने आकाशगंगेची छायाचित्रं काढली. १८९४ मध्ये तर त्याने जादूच्या कंदिलातलं स्वस्तातलं लहानसं भिंग लावलं आणि मृगाभोवती वळसा घालणारी प्रचंड, फिकट कमान टिपली.

रॉबर्ट्सला हे पटत नव्हतं. त्याने विल्यम हर्शेलने नोंदवलेल्या ५२ ‘धूसर’ जागा आपल्या मोठ्या दुर्बिणीने तपासल्या आणि जाहीर केलं, की फक्त चार ठिकाणी काही आहे, बाकी काही नाही. चूक त्याच्या कष्टांत नव्हती. मोठी दुर्बीण आकाशाचा लहानसा तुकडा दाखवते. ढग त्या तुकड्याहून मोठा असेल तर सगळी प्लेटच सारखी करडी होते आणि ढग कुठे संपला हे कळायला कडेचा काळोखच उरत नाही. कंदिलाच्या भिंगाला तो काळोख दिसत होता. मोठ्या दुर्बिणीच्या मालकाला हे पटवणं सोपं नव्हतं.

बार्नार्डने आपल्या आकाशगंगेच्या ॲटलाससाठी छपाई नाकारली. शाईच्या छपाईत बारीक छटा जातात म्हणून प्रत्येक पान म्हणजे खरा फोटो हवा, असा त्याचा हट्ट. ७०० प्रती, प्रत्येकीत ५१ चित्रं. एकूण ३५,७०० प्रिंट त्याने स्वतः एकेक करून तपासले. १९२३ मध्ये तो गेला, आणि ॲटलास १९२७ मध्ये निघाला. प्रिंट किती काळा, किती करडा असावा, हे ठरवणारं दुसरं कुठलंही माप नव्हतं. बार्नार्डची नजर हेच माप.

मधली वर्षं भराभर सांगतो. फिल्मला एक खोड होती: मंद प्रकाशात ती जसजशी उघडी राहील तसतशी आळशी होत जाते, दुप्पट वेळ दिला तर दुप्पट उजेड साठत नाही. त्यावर १९७०-८० च्या दशकांत हौशी लोक कोडॅकची टेक्निकल पॅन फिल्म डब्यात घालून नायट्रोजन आणि थोड्या हायड्रोजनच्या मिश्रणात तासन्‌तास गरम करत. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिनने एका प्लेटची मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत मूळ निगेटिव्हवर ठेवून छापायला सुरुवात केली. मृगाच्या ढगाचा जळून पांढरा झालेला गाभा आणि फिकट पंख एकाच चित्रात दिसू लागले. जान्सेनने मांडलेल्या अडचणीवर हे डार्करूमचं उत्तर होतं, जरा उशिरा आलेलं. मग फिल्मच्या जागी इलेक्ट्रॉनिक सेन्सर, म्हणजे सीसीडी आला. १९९४ मध्ये सीसीडी कॅमेरा घरी कसा बनवावा याचं पुस्तक निघालं आणि लोकांनी ड्रेपरच्या वळणाने तो खरोखर घरी बनवला.

आजचा हौशी छायाचित्रकार एका रात्रीत तीन-तीन, पाच-पाच मिनिटांची डझनावारी छायाचित्रं घेतो. एक एक चित्र दाणेदार, गचाळ. शंभर चित्रं एकावर एक रचली की गोंधळ दसपटीने घटतो, ढग मात्र तसाच राहतो. कॅमेऱ्याचं झाकण लावून घेतलेली चित्रं वजा करायची, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे डाग जातात. एकसारख्या पांढऱ्या उजेडात घेतलेल्या चित्राने भागायचं, म्हणजे भिंगावरच्या धुळीच्या सावल्या जातात. एवढं सगळं करून फाइल उघडली तर पडदा काळा. चार-दोन तारे, बाकी काही नाही. ढग त्या काळ्यातच असतो, अगदी तळाशी, आकड्यांच्या एका चिंचोळ्या पट्टीत. वक्ररेषा धरून ती पट्टी ताणायची, थोडी थोडी, आणि ताणताना तारे फुगणार नाहीत, पार्श्वभूमी राखाडी होणार नाही, हे सांभाळायचं. किती ताणायचं, हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही.

रंगांचंही तसंच. गंधक, हायड्रोजन, ऑक्सिजन अशा तीन फिल्टरांतून तीन कृष्णधवल चित्रं घ्यायची आणि त्यांना लाल, हिरवा, निळा वाटून द्यायचा, ही रीत हबल दुर्बिणीच्या १९९५ मधल्या ‘निर्मितीचे स्तंभ’ या चित्राने घरोघरी नेली. हायड्रोजनला हिरवा का, तो तर लाल असतो, असं विचारणाऱ्यांना उत्तर एवढंच, की गंधकही लालच असतं आणि दोन लालांत फरक दाखवायचा होता. सोयीचा नकाशा आहे तो.

२००४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या केंटकीमध्ये जे मॅकनील नावाच्या हौशी निरीक्षकाने घराच्या अंगणातून तीन इंची दुर्बिणीने मृगातल्या एका भागाचं छायाचित्र घेतलं आणि त्यात बहुतेक जुन्या चित्रांत नसलेला एक ढग त्याला सापडला. तरुण ताऱ्याच्या उफाळ्याने उजळलेला. तेजोमेघ बदलतात का, या जुन्या प्रश्नाला असंही एक उत्तर मिळालं.

आणि २०२२ मध्ये फ्रान्सचे यान सँती आणि झाव्हिए स्ट्रोटनर, जर्मनीचे मार्सेल ड्रेक्सलर या तिघा हौशी मंडळींनी देवयानीचीच दीर्घिका निवडली. रॉबर्ट्सपासून आजवर हिच्याइतकी छायाचित्रं दुसऱ्या कुठल्या दीर्घिकेची निघाली असतील असं वाटत नाही. सँतीच्या दुर्बिणीचं भिंग जेमतेम दहा-साडेदहा सेंटिमीटरचं, दृश्यक्षेत्र ऐसपैस, आणि तिच्यावर ऑक्सिजनच्या हिरव्या रेषेचा फिल्टर. सगळे मिळून शंभराहून अधिक तासांची छायाचित्रं रचून ताणल्यावर दीर्घिकेच्या शेजारी निळसर, तुटक, दीड अंश लांबीची एक कमान वर आली. कुठल्याच नकाशात ती नव्हती. मोठ्या दुर्बिणींचं क्षेत्र तिच्यासाठी लहान पडत होतं, आणि देवयानीजवळ या रेषेत एवढा वेळ कुणी बसलंच नव्हतं.

पहिली शंका अर्थातच ही, की हा प्रक्रियेतला दोष असेल, भिंगातलं प्रतिबिंब असेल, जास्त ताणल्याने उठलेला डाग असेल. म्हणून निबंध पाठवण्याआधी वेगळ्या ठिकाणच्या, वेगळ्या दुर्बिणींच्या छायाचित्रकारांकडून तीच जागा पुन्हा टिपून घेतली. कमान तिथे होती. जानेवारी २०२३ मध्ये शोधनिबंध निघाला, हौशी आणि व्यावसायिक नावं एकाच यादीत. कमान खरी आहे याबद्दल आता दुमत नाही. ती देवयानीच्या दीर्घिकेला लागून आहे, की आपल्याच आकाशगंगेत कुठेतरी जवळ असून नुसती त्या दिशेला दिसते, यावर मात्र निबंध अजून निघताहेत; आणि अलीकडच्या निबंधांचा कल तिला आपल्याकडे ओढण्याचा आहे.